दिगूदादाची कातडी कुंची

फटफटीवाला गेला असं कुणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं ते मला चांगलं ठाऊक आहे. ओढ्यावरचा पूल, बुजलेले बैल, कडेला आडवी झालेली गाडी, अजून गरगर फिरणारं चाक... हातातला चहाचा पेला खाली ठेवून तुम्ही जरा सरसावून बसलासुद्धा असाल. तर पेला उचला. तसलं काही झालेलं नाही. आमचा दिगूदादा घरात, मधल्या खोलीत, त्याच्या आईनं घातलेल्या अंथरुणावर, मुदतीच्या तापानं गेला. गाडी तेव्हा ओसरीपुढं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर सरळ उभी होती. निराशा झाली ना? काही हरकत नाही. निम्म्या सोलापूरची झाली.

मी माढ्याचा. शाळा तिथंच झाली, आणि नोकरीपायी गेली काही वर्षं सोलापुरात आत्याकडं राहतो. दिगूदादा आत्याचा धाकटा मुलगा. ताप उतरतोय असं डॉक्टर म्हणाले म्हणून मी जरा घरी डोकावायला माढ्याला गेलो, आणि तिथंच बातमी आली. सोलापूरच्या गाडीतून उतरलेला आमच्या आळीतला वाणी दारात उभा राहिला, डोक्यावरचं गाठोडं खाली न ठेवताच म्हणाला, "आरं, तुमचा फटफटीवाला गेला की!" मी खांब धरला. आणि ह्या गृहस्थानं दुसरा श्वास घ्यायच्या आत विचारलं, "कुटं आदळला म्हनं?" मी तसाच स्टेशनावर पळालो. सोलापूरला उतरलो तर टांगेवाला घोड्याला चुचकारत मला सांगतोय, "वो फटफटीवाले भाई ना? पुल पे से गिरे कते, बाबू. सर फुट्या कते." म्हणे पडला, म्हणे डोकं फुटलं. अरे, माणूस अंथरुणात गेला! पण नाही. सगळ्या गावानं मिळून त्याला पुलावरून पाडला होता, आणि आता तो पुन्हा उठून अंथरुणावर जाऊन मरायला तयार होईना म्हणून गाव माझ्यावरच रागावल्यासारखं बघत होतं.

घरी पोचलो. सगळं उरकलेलं होतं. ओसरीवर नानादादा, म्हणजे दिगूदादाचा थोरला भाऊ, भेटायला आलेल्यांच्या मध्ये बसला होता. नानादादा कोर्टात अव्वल कारकून. घरातसुद्धा निकाल वाचून दाखवल्यासारखा बोलतो. "उलटं वारं," तो सांगत होता, "फटफटीवरचं उलटं वारं छातीत भरलं. मी बजावलं होतं." मी म्हटलं, "नानादादा, ताप पाण्यातनं आला, असं डॉक्टर म्हणाले ना?" "पाणी आम्हीपण पितो," नानादादा म्हणाला, "आम्ही बसलोय की जिवंत." आलेल्या मंडळींनी माना हलवल्या. लगेच पुढचा हुकूमही सुटला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन गाडी नेईल, आणि खुंटीवरचं ते टोपीचं कातडं कुणीतरी लांब टाकून यावं.

तिथंच माझं डोकं फिरलं. गेला तो गेला, त्याला कोण काय करणार... पण जो माणूस सगळ्या जिल्ह्यात एकटा सांभाळून चालला, त्यालाच मेल्यावर बेफाम ठरवायचा? ते मी होऊ देणार नव्हतो. आजही देणार नाही, म्हणून तर लिहायला बसलोय. मला नकलांचा नाद आहे, हे घरचे लोक दोषासारखं सांगतात. असू दे. तो कसा बोलायचा हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

दिगूदादा तेलाच्या इंजिनांचा फिटर. विहिरीवरचं नाहीतर पिठाच्या गिरणीचं इंजिन बसलं की करकंबपासून अक्कलकोटपर्यंत कुठूनही बोलावणं यायचं. आधी तो सर्व्हिस मोटारीनं जायचा, नाहीतर सायकल मारत. मग एका गिरणीतला साहेब विलायतेला परत निघाला, त्याची जुनी फटफटी ह्यानं घेतली. आमच्या गल्लीत ही बातमी आधीच पोचली. शेजारच्या विणकरांची पोरं तेलुगूत ओरडत नाक्यावर उभी, बायका दारात, म्हातारे ओट्यावर. आता फट् फट् आवाज येणार, धुरळा उडणार, म्हणून सगळे कान देऊन उभे... आणि कोपऱ्यावरून दिगूदादा आला तो घामाघूम होऊन, गाडी हातानं ढकलत. पोरांचा असा विरस झाला म्हणता! एक म्हातारा म्हणाला, "बिघडलेली गळ्यात मारली व्हय सायबानं?" दिगूदादानं कपाळ पुसलं. "नाही हो काका, गाडी उत्तम आहे. टोपी व्हायची आहे अजून."

टोपी व्हायची होती म्हणजे जोडेवाल्या सिद्रामकडं शिवायला टाकायची होती. मीच बरोबर होतो. सिद्रामनं ऐकून घेतलं आणि हातातला टोच्या खाली ठेवला. "सायेब, डोक्याला जोडा?" "हां सिद्राम, डोक्याला जोडा. जाड कातडं, आत कापूस दाबून भरायचा, कानावर पट्ट्या, हनुवटीखाली बंद." सिद्राम हसायला लागला तो थांबेना. "पायाची मापं घेन्यात जलम गेला माजा. डोस्क्याचं माप पैल्यांदाच घ्यायलोय. बसा हितं, वाका." आणि जोडे शिवायच्या सुतळीनं त्यानं दिगूदादाचं डोकं मापलं. टोपी झाली ती झकास झाली. नुसती डोक्यावर घातली तरी माणूस निम्मा बहिरा व्हायचा, ते सोडा.

पण घरात काय झालं ते विचारू नका. आत्या माझी सोवळ्याची. "कातडं? डोक्यावर? मेल्या जनावराचं? अरे, डोक्यावर शेंडी आहे तुझ्या!" दिगूदादा शांतपणे म्हणाला, "म्हणूनच, आई. शेंडीसकट राहावी." "जळ्ळं मेलं ते बोलणं! कुंची घालून हिंडणार हा घोडा!" तेव्हापासून त्या टोपीचं नाव कुंची पडलं. तान्ह्या पोराला बांधतात ना, कानावरून खाली आणून हनुवटीशी गाठ, तश्शीच दिसायची. गल्लीतली पोरं "कुंचीवाला आला, कुंचीवाला आला" करत मागं धावायची. शेवटी तह असा झाला की कुंचीनं उंबरा ओलांडायचा नाही. ओसरीच्या खांबाला बाहेरून एक खुंटी ठोकली. आत्या तिच्याखालून जातानासुद्धा पदर आवरून जायची.

मग लग्नाचं. दोन ठिकाणी बोलणी लागली आणि दोन्हीकडून एकच प्रश्न आला, "मुलगा डोक्यावर कातडं घालतो म्हणे?" कमाई काय आहे, माणूस दारू पितो का, काही नाही, कुंची! नानादादा म्हणाला, "निदान मुलगी बघायला जाताना तरी..." दिगूदादा म्हणाला, "मग तर आणखी जपून जायला पाहिजे." आणि गेला की कुंची घालून! मुलीच्या बापानं पोहे दिले, मुलगी दिली नाही.

त्याच्या गाडीवर मागं बसायचं तर मुंजीपेक्षा जास्त विधी. हातात हातमोजे, पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट, डोळ्यांवर वाऱ्याचा चष्मा, असा तो स्वतः नटायचाच. वर तुम्हाला उभं करून भोवती एक फेरी मारायचा. "सोगा खोच. तो दिसतोय तो. उपरणं कमरेला बांध, चाकाला हौस नाही उपरण्याची. चप्पल काढ, बूट घाल. आता टोपी." मागच्या माणसासाठी सिद्रामकडून दुसरी कुंची शिवून घेतली होती त्यानं. ती घातल्याशिवाय मागं बसू द्यायचा नाही, मग तुम्ही कुणी का असा ना. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांना अक्कलकोटला दर्शनाला जायचं होतं. पगडी घालून, काखेत पंचांग मारून आले. दिगूदादानं पुढं कुंची धरली. मास्तर दोन पावलं मागं. "पगडी उतरवून हे कातडं घालू? स्वामींच्या दाराशी?" "दाराशी काढा. वाटेत घाला." "ते शक्य नाही." "मग पायी या, मास्तर," दिगूदादा म्हणाला, "पायी येणाऱ्याला स्वामी जास्त पावतात." आणि गेला निघून! मास्तर आठ दिवस आमच्या घरावरून गेले नाहीत, पलीकडच्या बोळातून जायचे.

गाडी उभी करायची त्याची पद्धत तर आणखी न्यारी. फरशीचा तो तुकडा कायम पिशवीत. आपल्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, वरून टणक दिसते आणि पोटात लोणी. स्टँड रुतला की गाडी आडवी, आणि खाली कुणाचं पोर असलं तर... म्हणून स्टँडखाली फरशी. टाकी उन्हात नको, म्हणून लिंबाखाली. पेट्रोलची चावी बंद. तोंड रस्त्याकडं. चुलीचा धूर दिसला की तिथून लांब. बैलबाजार असला तर गावाबाहेरच इंजिन बंद करून ढकलत यायचा, जनावरं बुजू नयेत म्हणून. आणि एवढं सगळं झाल्यावर आत यायचा का? छे. धुराची नळी गार होईपर्यंत तिथंच बसून राहायचा.

करकंबला एका पाटलांच्या विहिरीचं इंजिन बघायला गेलो होतो. पाटील वाड्याच्या दारातून हाका मारतायत, "आवो फिटर, या की आत! च्या गार व्हतोय न्हवं!" हा गाडीशी उकिडवा बसून, "होऊ द्या गार, पाटील. आधी ही गार होऊ द्या." पाटील चिडले. गड्याला मोठ्यानं म्हणाले, मला ऐकू यावं म्हणूनच, "गाडीचा लई तोरा हाय रं ह्याला. नव्या नवरीगत जवळ धरून बसलाय." तेवढ्यात त्यांचीच नात, नुकतं पाऊल फुटलेली, दुडूदुडू आली ती थेट त्या चकचकीत नळीकडं. बोट लावणार एवढ्यात दिगूदादानं मध्ये स्वतःचा पंजा घातला. हातमोजा काढून ठेवलेला होता. चर्र झालं ते मी ऐकलं. पोरगी खिदळली, तिला वाटलं काकाचा खेळ. पाटील कपबशी घेऊन स्वतः बाहेर आले आणि मातीत त्याच्याशेजारी बसले. पुढं करकंबला गेलो की चहा बाहेरच यायचा.

आणि तुम्ही ज्याची वाट बघताय तो अपघातही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला चैन पडायचं नाही. अक्कलकोटच्या वाटेवर एकदा पडलो. पाऊस पडून गेलेला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. पुढचं चाक एका चाकोरीत शिरलं ते बाहेर निघेचना. हळू चाललो होतो तरी आडवे झालो. मी उडालो तो कडेच्या मैलाच्या दगडावर, आणि डोकं आपटल्याचा आवाज मलाच ऐकू आला, नारळ फोडल्यासारखा. जवळच्या शेतातून एक कानडी म्हातारी खुरपं टाकून धावत आली. माझी कुंची तिनं चाचपली, कानावरची पट्टी पार सोलवटून निघाली होती. मग तिनं कुंची वर सारून माझं डोकं चाचपलं, आणि म्हणाली, "तलि उळीतु." डोकं वाचलं. दिगूदादा स्वतःचा गुडघा झाडत लंगडत आला. मला वाटलं, विचारेल, लागलं का रे. तर हा म्हणतो, "बंद सुटला नाही ना? बघ, म्हटलं होतं की नाही, सिद्रामची गाठ आहे!" तेव्हा, लोकहो, उलटं वारं कुणाच्या छातीत भरलं ते मला ठाऊक नाही, पण आत्ता हे लिहितंय ते डोकं कुंचीतून शाबूत बाहेर आलेलं आहे. ह्यावर नानादादाचा काय निकाल?

तापात तो फार बोलत नव्हता. संध्याकाळी मी कामावरून आलो की डोळे न उघडता विचारायचा, "उन्हात नाही ना?" मी म्हणायचो, "सावलीत आहे." "चावी?" "बंद आहे." मग तो कूस बदलायचा... मी माढ्याला निघालो त्या दिवशीही तेवढंच बोलला. पाणी उकळून पीत जा असं कुणी आम्हाला त्याच्यासारखं दारात उभं करून, भोवती फेरी मारून सांगितलं असतं तर! पण त्या बाबतीत आमच्यात दिगूदादा कुणी नव्हता.

तेरावा आला. मधल्या खोलीत दानाचं सामान मांडलं होतं. छत्री, काठी, नवे कोरे जोडे, पाण्याचा तांब्या. पंगतीला यायची मंडळी जमली होती. भटजी समजावून सांगत होते, आणि सांगण्यात त्यांचा हातखंडा. "यमाची वाट तापलेली, म्हणून छत्री. वाटेत काटेकुटे, म्हणून पायात जोडे. गेलेल्या जिवाला इजा होऊ नये, एवढाच हेतू." आत्या भिंतीला टेकून ऐकत होती. नानादादा मान डोलवत होता. आणि माझ्या तोंडून प्रश्न निघाला तो थेट दिगूदादाच्या आवाजात. तसाच जरा नाकातला, तसाच सावकाश.

"भटजीबोवा, पायांचं झालं. डोक्याचं काय?"

एका बाईच्या हातून पळी पडली. भटजींनी आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी उठलो, ओसरीवर गेलो, खुंटीवरची दिगूदादाची कुंची काढली, आत आणली आणि छत्री-जोड्यांच्या मधोमध ठेवली. मग जो गलका उठला! "कातडं! दानात कातडं!" नानादादा ओरडला. मी म्हटलं, "जोडे काय केळीच्या पानाचे आहेत, नानादादा?" भटजी कसेबसे म्हणाले, "अरे, त्या वाटेवर फटफटी नसते." "रेडा तर असतो ना? यमाचा रेडा? दिगूदादा रेड्याशेजारून कधी टोपीशिवाय गेलेला नाही. जिवंत होता तेव्हा डोकं सांभाळतो म्हणून हसलात, मुली दिल्या नाहीत. मेल्यावर पाय पोळू नयेत म्हणून जोडे देताय. आता कसली इजा व्हायची राहिलीय त्याला? आणि फटफटीनं खाल्ला म्हणून गावभर कोण सांगतंय?"

"बाहेर हो," नानादादा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला दिसलं, पण मीही थांबायच्या मनःस्थितीत नव्हतो. बाहेर झालो. फटफटीची चावी उघडली, लाथ मारली. इतके दिवस उभी असूनही बिचारी दुसऱ्या लाथेला सुरू झाली. आणि निघालो. नाक्यावरून, पेठेतून, तळ्याच्या कडेनं, सगळ्या गावासमोरून. फट् फट् आवाज ऐकून लोक दुकानांतून बाहेर आले. बघा म्हणावं, पुलावरून पडलेली गाडी! बघा, सर फुट्या कते!

परत आलो तेव्हा पंगत उठली होती. गाडी फरशीवर चढवली. तोंड रस्त्याकडं, लिंबाची सावली, चावी बंद. आत जायची सोय नव्हतीच, पण असती तरी गेलो नसतो. नळी गार होईपर्यंत बसायचं होतं. पोरं गोळा झाली होती, त्यांना हातानं मागं सारत बसलो.

दारात आत्या आली. तिच्यामागं नानादादा. आता नकलेवरून काय ऐकावं लागणार ह्याची तयारी मी वाटेतच केली होती. उत्तरंसुद्धा तयार होती, एकापेक्षा एक. आत्यानं माझ्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि भोवती एक फेरी मारली.

"टोपी कुठंय?"

"दानात ठेवली ना, आत्या. दिगूदादासाठी..."

"त्याला काय करायचीय ती?" आत्या कडाडली. गल्लीतली पोरं पांगली. "तो कुठं पडणार आहे आता? डोकं तुझ्या धडावर आहे ना अजून? शहाणा मोठा! भटजींना डोक्याचं विचारतो आणि आपलं बोडकं डोकं घेऊन गावभर उंडारतो! सोगा बघ तुझा, लोंबतोय कुत्र्याच्या जिभेसारखा! पायात चपला! हे शिकवलं त्यानं तुला? हे?" तिनं पदराआडून हात बाहेर काढला. हातात कुंची होती. मागं नानादादा काहीतरी बोलायला गेला, "आई, ते कातडं तू..." "तू गप बस रे, नान्या." तिनं ती माझ्या डोक्यावर दाबून बसवली, कानांवरच्या पट्ट्या ओढल्या, आणि हनुवटीखाली बंद धरून अशी करकचून गाठ मारली की माझा आवाज बंद झाला. माझा काय, कुणाचाच काढता येईना. तिचं तोंड चालूच होतं, "उद्यापासून ही घातल्याशिवाय ह्या गाडीला नुसता हात जरी लावलास ना, मेल्या, तर तंगडी मोडून हातात देईन, सांगून ठेवते. आणि ऊन फिरलंय, दिसत नाही? टाकी तापतेय त्याची. सावलीत घे आधी!"